पंप-नोझलचं काम झालं आणि जुनी गाडी धूर सोडायला लागली, तर कुठून सुरुवात करायची

"मामा, डिझेल पंप करून आणला, नोझल नवे टाकले, फिल्टर बदलले. आणि गाडी आता पहिल्यापेक्षा जास्त धूर सोडालीया." उसाचा सीझन तोंडावर आला की असा फोन मला हमखास येतो. पलीकडे बहुतेक वेळा नवा मालक असतो. टाटाचा जुना १६१३ ट्रक घेतलेला, कारखान्याची वाहतूक ठरलेली, गाडी मात्र दारात उभी. पंपवाला म्हणतो इंजिनच गेलंय, इंजिनवाला म्हणतो पंप नीट झाला नाही. वड्याचं तेल वांग्यावर, आणि पैसे मालकाच्या खिशातून.

अशा वेळी मी धुराचा रंग नंतर विचारतो. आधी विचारतो, "काय काय उघडलं होतं?"

कामाच्या आदल्या दिवशी गाडी धूर सोडत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी सोडायला लागली, तर रिंग-पिस्टन काही त्या रात्रीत झिजलेले नाहीत. जिथे हात लागला तिथेच खोट असायची शक्यता सगळ्यात जास्त. तरीही आपल्याकडे बेळगाव, निपाणी, संकेश्वर, कुठेही जा, धूर दिसला की पहिला हात हेडवर पडतो. माझ्याही गाडीचं हेड एकदा असंच विनाकारण उतरलं. तो किस्सा पुढे येईलच.

हा लेख जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे पंप कुणाच्याही बनावटीचा असो, ज्याला आपण सरसकट 'मायको पंप' म्हणतो, तो लावलेल्या टाटा, लेलँड वगैरे. ज्या गाडीला कॉमन रेल आहे, सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आहे, तिथे यातल्या बऱ्याच गोष्टी करायच्या नाहीत. त्या रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं. चालू इंजिनावर तिथला नट सैल केला तर डिझेलची धार सुईसारखी कातडीत घुसते.

आधी वही, मग पाना

पहिलं काम कागदावरचं. काय काय झालं ते लिहून काढा. पंप उतरवून बेंचवर लावला, की जागेवरच काही केलं? एलिमेंट (पंपातली डिझेल दाबणारी प्लंजर-बॅरलची जोडी) बदलले, की फक्त कॅलिब्रेशन? नोझल (इंजेक्टरचं टोक, जिथून डिझेलचा फवारा निघतो) नवे, की जुन्यांचंच प्रेशर धरलं? फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला) किट टाकलं का? टाकी धुतली का? हाय प्रेशर पाइप काढले होते का? आणि "उघडलंच आहे तर" म्हणून टॅपेट कुणी ॲडजस्ट केले का? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. कारण ते काम कुणी बिलात लिहीत नाही.

दुसरं, काढलेला माल परत मागा. जुने नोझल, जुने वॉशर, सगळं एका डब्यात. बरेच जण याला कमीपणा समजतात, मेस्त्रीवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं म्हणून मागत नाहीत. पण सहा सिलिंडरच्या गाडीचे इंजेक्टर काढले तर तांब्याचे जुने वॉशर सहा मिळायला पाहिजेत. पाच मिळाले तर सहावा कुठे आहे हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा असतो.

जुन्या आणि नव्या नोझलवरचे नंबर ताडून बघा. डीएलएलए या अक्षरांनंतरचा आकडा फवाऱ्याचा कोन सांगतो. तो वेगळा असेल तर फवारा पिस्टनच्या खळग्यात पडायचा तो काठावर किंवा लायनरवर पडतो. दुकानात "हाच चालतो, सगळे हाच टाकतात" असं सांगितलं जातं. गाडी चालतेही, पण धूर सोडत.

पहिल्या वीस मिनिटांत घाबरू नका, पण तयारीत राहा

पंप बेंचवरून येतो तेव्हा त्यात टेस्टिंगचं तेल असतं. हवा काढताना बराच वेळ स्टार्टर मारलेला असतो, त्यामुळे न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचलेलं असतं. ते सगळं जळून बाहेर पडेपर्यंत पांढरा-करडा धूर येणारच. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू द्या, पाण्याचा काटा मध्यावर येऊ द्या, मग थोडा लोड घालून पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवा. त्यानंतर जो धूर उरतो तोच आपला प्रश्न.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे खानापूरच्या बाजूला गाडी चालू केली तर चांगलं इंजिनसुद्धा दोन-चार मिनिटं पांढरं फुंकतं. त्यात वाईट काही नाही.

पण पहिला सेल्फ मारण्याआधी तीन गोष्टी बघा. गाडी उघड्यावर आहे ना? बंद शेडमध्ये एक्झॉस्टच्या गॅसने माणूस गुदमरून जातो, आणि त्याला कळतही नाही. चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (दगड किंवा ठोकळा) लावलीय ना? आणि पंपाचा स्टॉप लिव्हर हाताने मोकळा हलतोय ना? पंप जोडताना रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी) अडकलेला राहिला तर इंजिन चालू होताच रेस होत जातं आणि थांबत नाही. म्हणून एअर क्लीनरची होज काढून ठेवा आणि इनटेकच्या तोंडावर दाबायला जाड फळी घेऊन एक माणूस उभा करा. फळीच, हात किंवा फडकं नाही. हात खेचला जातो आणि फडकं आत जातं. असं दहादा केलं तर नऊदा फळी लागणारच नाही. दहाव्यांदा तीच इंजिन वाचवते.

रंग, वास आणि वेळ

रंग सगळ्यांना माहीत असतो. पांढरा म्हणजे डिझेल आत गेलं पण जळलं नाही, नाहीतर पाण्याची वाफ. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. एवढं पाठ असलेला माणूस अर्धाच शिकलेला असतो.

पांढऱ्या धुरात फरक करायचा तो वासाने. डोळे चुरचुरले आणि कच्च्या डिझेलचा वास आला, धूर जमिनीलगत रेंगाळला, तर ते न जळलेलं डिझेल. वास नाही किंवा गोडसर आहे, आणि धूर दहा-वीस फुटांवर विरून जातो, तर ती वाफ. रेडिएटरचं पाणी बघा. ते इंजिन थंड असतानाच, गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

मग वेळ बघा. थंड असतानाच येतो, की गरम झाल्यावरही? न्यूट्रलला येतो, की पिकअप घेताना? सपाट रस्त्याला येतो, की वंटमुरी घाटात लोड घेऊन चढताना? हे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं वहीत लिहा. फोनवर मला एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे मेस्त्रीची भाषा. गॅरेजमध्ये मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही चालतात, पण गडबडीत माणूस आपल्या भाषेत बोलतो. धुराला कन्नडमध्ये 'होगे'. 'कप्पु होगे' काळा, 'बिळी होगे' पांढरा, 'नीली होगे' निळा. आणि हवेला म्हणतात 'गाळी'. चंदगडकडचा एक नवा क्लीनर माझ्याकडे होता. मेस्त्री पंपाकडे बघून "गाळी बंदद" म्हणाला तेव्हा पोरगं रागाने लाल झालं. त्याला वाटलं गाळी, म्हणजे शिवी, दिली. मेस्त्री बिचारा सांगत होता की लाइनीत हवा आलीय.

पांढरा धूर: आधी हवा

डिझेलच्या कामानंतर पांढरा धूर, रेस वरखाली होणं, सकाळी चालू व्हायला त्रास आणि मधूनच मिस मारणं असं सगळं एकत्र असेल तर आधी हवा समजा. आणि ही हवा टाकी ते फीड पंप या तुकड्यात शोधा. तिथे डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथली फट बाहेर डिझेल गाळत नाही, आत हवा घेते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं, म्हणून माणूस फसतो.

काय बघायचं? बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर नवे टाकले, की जुनेच परत आवळले? रबरी पाइपला टाकीच्या तोंडाशी चीर आहे का? फीड पंपाच्या जाळीच्या वाटीचं पॅकिंग नीट बसलं का? हँड प्रायमरची (हाताने डिझेल ढकलायच्या पंपाची) मूठ पूर्ण फिरवून बंद केली का? शेवटचं फार वेळा राहून जातं.

तपासायला एक साधी युक्ती. रिटर्न लाइनीत हातभर पारदर्शक प्लास्टिक नळी जोडा आणि इंजिन चालू ठेवा. बुडबुडे सतत दिसले तर हवा येतेय. मग पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये चांगलं डिझेल घ्या, पंपापेक्षा उंचावर पक्कं बांधा, गरम एक्झॉस्टपासून लांब, आणि फीड पंपाचा येणारा पाइप काढून कॅनची नळी तिथे लावा. हवा काढून गाडी चालू करा. धूर गेला तर पंप-नोझल निर्दोष, दोष टाकी ते फीड पंप इथेच. धूर तसाच राहिला तर तेवढी लाइन यादीतून खोडा. या एका चाचणीने पंप दुसऱ्यांदा उतरवण्याचा खर्च वाचलेल्या गाड्या मी कितीतरी बघितल्या आहेत.

हवा काढायचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळा. दोन फिल्टरची जोडी असेल तर पहिला आधी. मग पंपाचा स्क्रू, तसंच. शेवटी इंजेक्टरकडचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा. सेल्फ पंधरा सेकंदांच्या वर नको, मधे विश्रांती द्या, नाहीतर धूर राहील बाजूला आणि स्टार्टर जळेल.

पाणी हाही याच ठिकाणचा प्रश्न. आपण दराचा फरक बघून कधी कोगनोळीच्या राज्य सीमेअलीकडे टाकी भरतो, कधी पलीकडे, आणि पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट नसेल तर पाणी कुठूनही येतं. फिल्टरच्या तळाचा प्लग सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि रात्रभर ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं. वेगळा थर दिसला तर आधी टाकी रिकामी करा.

एक वॉशर आणि उतरलेलं हेड

आता तो किस्सा. माझ्या गाडीचे सहाही नोझल एका दुकानात नवे बसवले. गाडी चालू झाली, पण न्यूट्रलला पांढरट धूर, एका सिलिंडरचा आवाज बोदा, आणि लोड घेतला की काळपट. पंपवाल्याने पंप परत तपासला, ठीक निघाला. मग एका मेस्त्रीने छातीठोक सांगितलं, हेड गॅसकेट. हेड उतरलं. गॅसकेट चांगली. हेड पुसताना चौथ्या भोकात बोट घातलं तर आत काळा पडलेला तांब्याचा जुना वॉशर चिकटून बसलेला. नवा इंजेक्टर नव्या वॉशरसकट त्याच्यावर बसवला होता. म्हणजे नोझल एका वॉशरच्या जाडीने वर राहिला, फवारा भलतीकडे पडला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. वॉशर चहाच्या किमतीचा; हेडचं काम, गॅसकेट, आणि ऐन सीझनमधले चार दिवस हे वेगळं.

म्हणून इंजेक्टर काढल्यावर प्रत्येक भोकात बॅटरीचा उजेड टाकून बघा. वॉशर दोन नसावेत, आणि शून्यही नसावा. वॉशर नसेल किंवा जुनाच दबलेला परत टाकला असेल तर इंजेक्टरच्या बाजूने कॉम्प्रेशन निसटतं. तिथे काळी ओल दिसते, इंजिन चालू असताना 'फुस्-फुस्' असा आवाज येतो. बुडाशी थोडं साबणाचं पाणी टाका, बुडबुडे लगेच सांगतात. क्लॅम्प दोन्ही बाजूंनी सारखा आवळला नसेल तरी हेच होतं. उलट ताकद लावून आवळला तर नोझलची सुई आत अडकते आणि तो सिलिंडर डिझेल गाळत राहतो.

काही इंजिनांत इंजेक्टर तांब्याच्या स्लीव्हमध्ये बसतो आणि त्या स्लीव्हच्या बाहेर पाणी असतं. इंजेक्टर हिसके देऊन काढला तर स्लीव्ह हलते आणि पाणी सिलिंडरमध्ये यायला लागतं. नोझलच्या कामानंतर अचानक वाफेसारखा धूर आणि रेडिएटरमधलं पाणी कमी, असं झालं तर गॅसकेटआधी स्लीव्ह बघा.

कोणता सिलिंडर, ते शोधा

सगळे सिलिंडर मिळून धूर काढतात, की एखाद-दुसरा? हे कळलं की पुढचं काम निम्मं होतं. इंजिन गरम करा, न्यूट्रलला ठेवा. एकेका इंजेक्टरकडचा पाइप नट अर्धा फेरा सैल करा, चष्मा घालून, नटाभोवती फडकं धरून. बोट किंवा तळवा धारेसमोर नको. डिझेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण ते काम थेट हॉस्पिटलचं असतं. आणि सांडलेलं डिझेल गरम मॅनिफोल्डवर जाऊ देऊ नका.

नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासूनच झोपलेला. आणि सैल करताच धूर कमी झाला तर धूर काढणारा तोच. नट आवळून पुढच्याकडे जा.

समजा तिसरा सापडला. आता तिसऱ्याचा इंजेक्टर पाचव्याला आणि पाचव्याचा तिसऱ्याला लावा, वॉशर नवे टाकून. धूर पाचव्याकडे गेला तर दोष इंजेक्टरचा. तिसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर निर्दोष, मग त्या पाइपाच्या मुळाशी पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बघा. स्प्रिंग तुटली किंवा सीटवर कचरा बसला तर पाइपातलं प्रेशर पटकन पडत नाही आणि नोझल शेवटी थेंब गाळतो. तेही ठीक असेल तर आणि तरच त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. हा क्रम उलटा करणाऱ्याला पैसे देऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

इंजेक्टर हातपंपाच्या टेस्टरवर लावताना स्वतः समोर उभे राहा. जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत नोझल उघडायचं प्रेशर साधारण २०० ते २५० बारच्या दरम्यान असतं. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला धरा. फवारा धुक्यासारखा बारीक यावा, प्रत्येक भोकातून सारखा. मग उघडण्याच्या प्रेशरच्या २० बार खाली दाब धरून दहा सेकंद थांबायचं; टोकाशी थेंब लोंबता कामा नये. नवीन डबीतून काढलेला नोझलही असा तपासून घ्या.

टायमिंग

सगळ्याच सिलिंडरमधून पांढरा धूर, इंजिन सुस्त, पाणी लवकर तापतं, आणि हवा-पाणी दोन्ही तपासून झालेलं. मग पंप उशिरा डिझेल मारतोय असं धरा. उलट टायमिंग पुढे गेलं तर इंजिन दगड फोडल्यासारखं ठोकतं. कपलिंग किंवा गिअर एक दात चुकला तरी एवढं पुरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पूर्ण फेरा चुकणं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत पंपाचा एक फेरा होतो. त्यामुळे पहिला पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. खूण दोन्ही वेळा जुळते. पंप चुकीच्या वेळेला जोडला तर गाडी सहसा चालूच होत नाही, नुसता सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरे ढग निघतात. ओळखायला टॅपेट कव्हर उघडा. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर सैल हलायला पाहिजेत आणि त्याच वेळी सहाव्याचे व्हॉल्व्ह अदलाबदलीत असायला पाहिजेत, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय.

पक्कं बघायचं तर थेंब मोजून. पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून तिथे वाकडी नळी लावतात, लिव्हर फुल डिझेलला बांधतात आणि इंजिन हाताने सावकाश फिरवतात. धार बारीक होत थेंबावर येते तो क्षण म्हणजे डिझेल मारायची सुरुवात. तिथे फ्लायव्हीलवरचा किंवा पुलीवरचा अंश वाचायचा. इंजिन चालण्याच्या दिशेनेच फिरवा. खूण पुढे गेली म्हणून थोडं मागे घेतलं की गिअरच्या दातांमधली ढिलाई आकड्यात शिरते. हे काम नवशिक्याने एकट्याने करायचं नाही, पण शेजारी उभं राहून नक्की बघायचं.

पाइपांची अदलाबदलही इथेच तपासा. सरळ रांगेच्या पंपावर पाइप आकारानेच आपल्या जागी जातात, तिथे सहसा चूक होत नाही. गोल डोक्याच्या रोटरी पंपावर मात्र तोंडं फायरिंग ऑर्डरने असतात: सहा सिलिंडरला १-५-३-६-२-४, चार सिलिंडरला बहुतेक १-३-४-२. पाइप काढण्याआधी रंगाचे ठिपके मारले असते तर हा परिच्छेद लागलाच नसता.

काळा धूर

एक किलो डिझेल पुरतं जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि इंजिनात नीट मिसळायला वेळ नसतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. तेव्हा काळा धूर दिसला की पंपाला शिव्या देण्याआधी हवा यायचा मार्ग तपासा. एअर क्लीनर काढून क्षणभर बिनधुळीच्या जागी रेस करा. धूर कमी झाला तर उत्तर मिळालं. खाणीच्या आणि उसाच्या फडातल्या धुळीत क्लीनर किती लवकर भरतो ते आपल्याला ठाऊक आहे. मऊ पडलेली होज रेस केल्यावर आतून चिकटते, तीही बघा. टर्बो असेल तर टर्बो ते मॅनिफोल्डमधले क्लिप आणि फाटलेली होज. तिथे तेलकट काळी धूळ बसलेली दिसते. एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धी बंद राहिली तरी हाच धूर.

हे सगळं ठीक असेल तर डिझेल जास्त आहे. पंपवाल्याला कुणीतरी "पिकअप वाढवून दे" म्हटलेलं असतं, कधी मालकानेच, आणि तोच नंतर धुराची तक्रार घेऊन येतो. पंपाच्या फुल डिझेलच्या स्क्रूला सील असतं. ते तुटलेलं असेल तर विचारा. पंपावर बूस्टची डबी (टर्बोच्या दाबानुसार डिझेल वाढवणारी) असेल तर तिचीही सेटिंग बिघडवलेली असू शकते; त्याने पिकअप घेतानाच काळा भपका येतो आणि मग कमी होतो.

पंपाचा चार्ट मागा. बेंचवर प्रत्येक एलिमेंटने १००० स्ट्रोकला किती सीसी डिझेल दिलं ते आकडे त्यात असतात. सहाही आकडे एकमेकांजवळ हवेत आणि इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्याजवळही. चार्ट नाही म्हणणाऱ्याकडे पंप परत नेऊ नका. स्वतः मात्र स्क्रूला हात लावू नका. धूर कमी होईल, पण घाटात गाडी रडेल.

गोव्याच्या बाजूने चोर्ला घाट चढून आलेला ड्रायव्हर म्हणतो, खाली ठीक होती, वर आल्यावर जरा काळं सोडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ. बिनटर्बोच्या इंजिनाला तेवढा फरक जाणवतो. तेवढ्यासाठी काही उघडायची गरज नाही.

निळा

निळ्या धुराचं डिझेलच्या कामाशी एकच मोठं नातं आहे: डिझेल ऑइलमध्ये उतरणं. एलिमेंट किंवा फीड पंपाची दांडी गळत असेल आणि पंपाला इंजिनाचंच ऑइल असेल, तर डिझेल सरळ चेंबरमध्ये जातं. डिपस्टिक बघा. लेव्हल वाढलीय, ऑइल पातळ आहे आणि डिझेलचा वास येतोय, तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. बेअरिंग जातील, आणि पातळ झालेलं ऑइल वर चढून इंजिन स्वतःच्याच ऑइलवर रेस व्हायचाही धोका. कामानंतर पहिल्या आठवड्यात रोज सकाळी डिपस्टिक बघायची ती यासाठी. ऑइल बाथ क्लीनरमध्ये कुणी खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तरी निळा धूर येतो, ते दोन मिनिटांत कळतं. हे दोन्ही नसेल आणि निळा धूर कामाआधीही होता, तर मग खरंच रिंगचा विषय आहे.

एका वेळी एकच

वॉशर बदलले, टायमिंगही हलवलं, क्लीनरही नवा टाकला, आणि धूर गेला. कशाने गेला? पुढच्या वेळी परत शून्यातून सुरुवात. म्हणून एक बदल, मग गरम करून चाचणी, मग वहीत एक ओळ. मेस्त्री वैतागतो, त्याला चहा पाजा.

लोडची चाचणी आधी सपाट रस्त्याला आणि मग तवंदी किंवा वंटमुरी घाटात. सोबत मागच्या गाडीत एक माणूस ठेवा, आरशात धुराचा रंग खरा दिसत नाही. पांढरा धूर दाट असेल तर हायवेवर जाऊच नका, मागच्याला रस्ता दिसत नाही.

पीयूसी सगळ्यात शेवटी. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला फ्री ॲक्सिलरेशनला (न्यूट्रलला एकदम रेस केल्यावर) धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे, बीएस-४ च्या गाडीला ५०. तपासणीला जाताना इंजिन पूर्ण गरम करून न्या, आणि जाताजाता चार-पाच किलोमीटर जरा ओढून चालवा, म्हणजे सायलेन्सरमधली जुनी काजळी मशीनच्या नळीत जाण्याऐवजी रस्त्यातच उडून जाईल. केए २२ असो नाहीतर एमएच ०९, मशीन आकडा तोच दाखवतं.